गेम खेळताना वारंवार अडखळणारा जुना संगणक : दुरुस्त करावा, सुधारावा की बदलावा?

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातून दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या गेमिंग संगणकांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. संगणक २०१६ ते २०१८ या काळात जुळवून घेतलेला असतो. त्यात इंटेलचा सहाव्या किंवा सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, नाहीतर एएमडीचा पहिल्या पिढीचा रायझन, जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी आणि एक टीबीची हार्ड डिस्क असते. गेम सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे सगळे सुरळीत चालते, मग चित्र अडखळू लागते आणि एखाद्या दिवशी संगणक कोणतीही सूचना न देता बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दुकानात नेऊन साफसफाई केली की महिना-दोन महिने बरे जातात आणि मग तीच तक्रार पुन्हा डोके वर काढते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की घरात वाद सुरू होतो : यात आणखी पैसे घालायचे, की सरळ नवा घ्यायचा?

हा वाद बहुतेक घरांत चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, असे माझे मत आहे. संगणक बिघडला आहे, की तो आजच्या गेमला कमी पडतो आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप वयामुळे मंदावत नाही. पहिल्या दिवशी जो वेग होता तोच आठ वर्षांनीही मिळायला हवा. जो गेम दोन वर्षांपूर्वी याच सेटिंगवर नीट चालत होता तो आज अडखळत असेल आणि मधल्या काळात त्या गेमला मोठे अपडेट आले नसेल, तर दोष वयाचा नसून वीज, उष्णता, धूळ, सैल झालेली जोडणी किंवा थकलेली डिस्क यांपैकी कशाचा तरी असतो. यांपैकी वीज आणि धूळ ही दोन कारणे नवा संगणक आणला तरी घरातच राहतात.

बिघाड कधी होतो, ते आधी टिपावे

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचा माग त्याच्या वेळेवरून लागतो. स्क्रू काढण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत नोंद ठेवावी : किती वाजता झाले, कोणता गेम चालू होता, खेळायला बसून किती वेळ झाला होता, त्या वेळी घरात पंप, मिक्सर किंवा गिझर चालू होता का, बाहेर पाऊस होता का, आणि वीज थेट हेस्कॉमची (वीज कंपनीची) होती की इन्व्हर्टरची. ही नोंद दुरुस्तीवाल्याच्या हाती दिली तर त्याचे निम्मे काम होते. संध्याकाळी सात ते दहा या वेळातच संगणक बंद पडत असेल तर संशय विजेवर जातो. वेळ कोणतीही असली तरी खेळायला बसून अर्धा-पाऊण तास झाल्यावरच अडखळत असेल तर उष्णता आधी तपासावी. पावसाळ्यात सकाळी पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुरू होतो, हे दमट हवेने खराब झालेल्या जोडणीचे लक्षण आहे. एकाच गेममध्ये, एकाच नकाशावर अडखळत असेल तर संगणक उघडण्याआधी त्या गेमच्या फाइल तपासून घ्याव्यात आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने बसवावा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडली की अनेक जण लगेच एसएमपीएस (प्लगमधली वीज घेऊन संगणकाच्या भागांना पुरवणारा डबा) बदलून मोकळे होतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते की विंडोज नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला. दोष कुणाचा, ते ती सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ या ओळीपुढे शून्य असेल, तर विंडोजला निळा पडदा दाखवण्याइतकीही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली, एखाद्या सुरक्षा यंत्रणेने तोडली किंवा संगणक जागीच गोठला, असा अर्थ घेता येतो. त्याच वेळेच्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद असेल तर प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा त्यांना मिळणारे व्होल्टेज तपासावे लागते, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवल्याची नोंद असेल तर ग्राफिक्स कार्डाकडे आणि त्याला वीज देणाऱ्या केबलकडे वळावे.

तपासणीची सुरुवात प्लगपासून

आपल्या भागात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच दुकानात तपासला जात नाही, कारण दुकानातला प्लग वेगळा असतो. घरी बिघडणारा संगणक दुकानाच्या टेबलावर दिवसभर बिनतक्रार चालतो आणि गिऱ्हाईक खोटे बोलते आहे की काय, असा संशय कारागिराला येतो.

घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि तिने साधारण २१६ ते २४४ या मर्यादेत राहणे अपेक्षित आहे. साध्या मल्टिमीटरने, गेम चालू असताना आणि तक्रारीच्या नेमक्या वेळी, प्लगमधले व्होल्टेज मोजावे. सकाळी अकरा वाजता मोजून काहीच कळत नाही. वडगावातल्या एका घरी तळमजल्यावर यंत्रमाग होते आणि वरच्या खोलीत संगणक होता. माग चालू असताना वरच्या प्लगमध्ये १९० व्होल्टच्या आसपास वीज येत होती आणि माग सुरू करण्याच्या क्षणी ती आणखी खाली जाई. त्या संगणकाच्या एसएमपीएसवरच्या लेबलावर इनपुट २०० ते २४० व्होल्ट असे छापलेले होते. म्हणजे माग चालू असेपर्यंत तो एसएमपीएस आपल्या मर्यादेबाहेरच काम करत होता आणि ग्राफिक्स कार्डाने जोर लावला की मान टाकत होता. तिथे ग्राफिक्स कार्ड बदलून काहीही साधले नसते. १०० ते २४० व्होल्टवर चालणारा चांगला एसएमपीएस बसवणे आणि संगणकासाठी मीटरपासून वेगळी वायर ओढून घेणे, एवढ्यावर ते काम मिटले. व्होल्टेज घरापर्यंतच कमी येत असेल तर हेस्कॉमच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शेजाऱ्यांनीही नोंदवली तर ट्रान्सफॉर्मरवरच्या भाराकडे लक्ष जाण्याची शक्यता वाढते.

अर्थिंगची परीक्षा सोपी आहे. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला हाताची मागची बाजू हलकेच लागली आणि मुंग्या आल्या, तर प्लगची अर्थिंग तुटलेली आहे असे समजावे, कारण एसएमपीएसमधली गाळणी आपली गळती अर्थिंगमध्ये सोडते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती कॅबिनेटवर चढते. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत तर तो मुळातच नीट घेतलेला नसतो. हे काम वायरमनचे आहे; संगणकवाल्याने त्यात पडू नये.

इन्व्हर्टरबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तो साइन वेव्ह आहे की जुन्या पद्धतीचा स्क्वेअर वेव्ह, कारण चांगल्या दर्जाच्या अनेक नव्या एसएमपीएसना स्क्वेअर वेव्हचे वावडे असते. दुसरी म्हणजे त्याच्या पाठीमागचा ‘यूपीएस मोड’चा खटका. वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो, तोही चांगला असेल तर. इन्व्हर्टरने त्याहून जास्त वेळ घेतला की संगणक पुन्हा सुरू होतो आणि घरातला पंखा मात्र फिरतच राहतो, त्यामुळे वीज गेली होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वेगळा यूपीएस घेतला असेल तर त्याच्या खोक्यावरच्या ‘६०० व्हीए’ या आकड्यावर विसंबू नये. अशा बऱ्याच यूपीएसची खरी क्षमता ३६० वॅट किंवा त्याहून कमी असते आणि तीन-चार वर्षांच्या जुन्या बॅटरीवर तेवढीही मिळत नाही.

आता एसएमपीएस. तो उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज शिल्लक असते. गेम चालू असताना चार पिनांच्या जुन्या जोडणीत पिवळ्या आणि काळ्या वायरमधले व्होल्टेज मोजावे. ते ११.४ ते १२.६ या मर्यादेत हवे आणि गेम सुरू होताच ते झपकन खाली येत असेल तर एसएमपीएसचे दिवस भरले आहेत. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळालेला, ४५० वॅट लिहिलेला आणि हातात घेतल्यावर हलका लागणारा एसएमपीएस तर मोजमाप न करताही बदलावा. सात-आठ वर्षे चाललेला साधा एसएमपीएस नव्या ग्राफिक्स कार्डाला जोडणे हा अविचार आहे. उलट चांगला ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस आज घेतला तर उद्या नव्या संगणकातही तोच चालतो, म्हणून या यादीतला पहिला खर्च मी नेहमी त्यावरच सुचवतो.

उष्णता, धूळ आणि दमट हवा

‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत साधन सुरू करून त्याची नोंद फाइलमध्ये साठवायला लावावी आणि तासभर गेम खेळावा. सातव्या पिढीच्या इंटेल आय५ची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. त्या जवळ पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. जीटीएक्स १०६० कार्ड ८३ अंशांच्या आसपास आपला वेग आवरू लागते. नोंदीत तापमान चढताना आणि त्याच मिनिटाला प्रोसेसरचे किंवा कार्डाचे मेगाहर्ट्‌झ उतरताना दिसले, तर अडखळण्याचे कारण सापडले. साधनाचा उपयोग जमत नसेल तर कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढून समोर टेबल फॅन लावावा आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळावा. अडखळणे थांबले तर एक रुपयाचाही सुटा भाग विकत घेण्याआधी साफसफाई करून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता वाहून नेणारा लेप) नव्याने लावून घ्यावी.

धूळ सगळीकडे सारखी नसते, हे सांगायला हवे. वर उल्लेख केलेल्या वडगावच्या संगणकात प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) कापसाच्या बारीक तंतूंची फेल्टसारखी गादी जमली होती. पंखा काढल्यावर ती चिमटीत धरून एकसंध सोलून काढता आली आणि तिच्याखालचे अॅल्युमिनियम नव्यासारखे चकचकीत होते. पंखा फिरत होता, आवाजही करत होता, पण हवा आत शिरतच नव्हती. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरवस्तीत हे दर तीन-चार महिन्यांनी पाहावे लागते. उद्यमबागेच्या आसपास धातूकामाची धूळ येते. तिच्यात लोखंडाचा कीस असू शकतो, म्हणून मदरबोर्डावरची धूळ फुंकून इकडेतिकडे उडवण्याऐवजी मऊ ब्रशने बाहेर काढावी. अथणी, रायबागकडे उन्हाळ्यात नुसती कोरडी माती असते आणि ती ब्लोअरने सहज निघते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या जोराने पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात आणि रॅमच्या व ग्राफिक्स कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर नजरेला न दिसणारा थर बसतो. दुकानात रॅम काढून खोडरबराने पुसतात, परत बसवतात आणि संगणक चालू होतो, त्यामुळे सगळ्यांना वाटते की दुरुस्ती झाली. खोडरबराने तो थर निघतो हे खरे. पण दर खेपेला पट्टीवरचा सोन्याचा पातळ मुलामाही थोडा थोडा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो, म्हणून काही महिन्यांनी तीच तक्रार आणखी लवकर परत येते. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड वापरावे, स्लॉटही साफ करावा, कॅबिनेट ओल्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर ठेवावे आणि पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी चालू करावा, म्हणजे आतल्या उबेने ओल टिकत नाही. याच वेळी मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलावा. संगणकातली तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल तर तो संपलेला असतो.

वेग नेमका कोठे अडतो

वीज आणि उष्णता यांचा निकाल लागल्यावरही गेम अडखळत असेल, तरच सुधारणेचा विचार सुरू करावा, आणि तेव्हाही आधी मोजावे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसत असेल तर हार्ड डिस्क हा दोष आहे. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये पिवळा किंवा लाल इशारा आला तर खेळ बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. गेमसाठी हार्ड डिस्क आता कालबाह्य झाली आहे. ‘सायबरपंक २०७७’सारखे गेम किमान गरजेतच एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) मागतात. साटा एसएसडी या काळातल्या कोणत्याही मदरबोर्डावर चालते आणि पुढच्या संगणकातही जाते, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

आठ जीबीची एकच पट्टी असेल तर दुहेरी तोटा होतो. आजच्या अनेक गेमना आठ जीबी अपुरी पडते, आणि पट्टी एकटी असल्यामुळे प्रोसेसरला मेमरीचा एकच मार्ग मिळतो. तेवढ्याच क्षमतेची आणि शक्यतो त्याच वेगाची दुसरी पट्टी बसवली की दोन्ही गोष्टी सुधारतात. मात्र २०२५च्या शेवटच्या महिन्यांपासून, एआय डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे, मेमरीच्या किमती जगभर भडकल्या आहेत. मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले, यावरून वारे कुठे वाहते आहे ते दिसते. म्हणून हाताशी असलेली डीडीआर४ (डीडीआर५च्या आधीच्या पिढीची) रॅम आज जपून ठेवण्याची वस्तू आहे. नव्या डीडीआर५ संगणकाचा हिशोब करताना ही रॅम जुन्या कॅबिनेटसोबत भंगारात किंवा कवडीमोलाने देऊ नये.

प्रोसेसर कमी पडतो की ग्राफिक्स कार्ड, हे ओळखण्यासाठी गेममधले रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) भराभर वाढल्या तर आतापर्यंत कार्ड दमत होते. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर अडवतो आहे आणि नवे कार्ड आणून त्यात फरक पडणार नाही. आय५-७४००सारख्या चार कोर, चार थ्रेडच्या प्रोसेसरवर सरासरी फ्रेमचा आकडा चांगला दिसतो, पण गर्दीचे दृश्य आले की क्षणभर सगळे थिजते. ‘आफ्टरबर्नर’ या साधनात सरासरीऐवजी फ्रेमटाइमचा (प्रत्येक चित्राला लागणाऱ्या वेळेचा) आलेख पाहिला की ते टोकदार सुळके स्पष्ट दिसतात. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर शंभर फ्रेमच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फ्रेमला ६०ची मर्यादा घातली तर उष्णता आणि विजेची ओढ दोन्ही कमी होतात आणि काही वेळा तेवढ्यानेच तक्रार मिटते.

दुरुस्तीने न उघडणारी दारे

संगणक पूर्ण निरोगी असला तरी काही ठिकाणी त्याला प्रवेशच नाकारला जातो आणि बदलण्याचे खरे कारण बहुधा इथे सापडते. विंडोज १०चे समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून, एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) असेल तरच अधिकृतपणे बसते. म्हणजे आय५-७४०० बाहेर राहतो आणि जेमतेम वर्षभराने आलेला आय५-८४०० आत जातो. पळवाटेने विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय) दोन्ही मागतो आणि तिथे त्यांना टाळणारी पळवाट चालत नाही. आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा संगणक असूनही असा गेम नकार देत असेल, तर बहुधा बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम बंद असते किंवा डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते. विंडोजच्या ‘एमबीआर२जीपीटी’ या आज्ञेने ती आधी बदलावी आणि मगच सिक्युअर बूट सुरू करावे. क्रम उलटा केला तर विंडोज उघडतच नाही. त्यासाठी नव्या संगणकाची गरज नसते.

ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत, एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट मिळतील. जुने गेम त्यामुळे बंद पडणार नाहीत. पण ‘डूम : द डार्क एजेस’सारखे २०२५मधले काही गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशोब करणाऱ्या कार्डातल्या सोयीशिवाय) सुरूच होत नाहीत आणि तिथे जीटीएक्स १०६० कितीही थंड ठेवले तरी उपयोग नाही. तुम्ही जे गेम प्रत्यक्षात खेळता त्यांपैकी एकही या यादीत नसेल, तर हे कारण पुढे करून घाईने खर्च करू नये.

काय ठेवावे आणि काय बदलावे

माझा निकष एकच आहे : जो सुटा भाग पुढच्या संगणकात जाऊ शकतो त्यावर पैसे घालावेत आणि जो फक्त या जुन्या मदरबोर्डावरच चालतो त्यावर शक्यतो घालू नयेत. एसएमपीएस, एसएसडी, मॉनिटर, कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड पहिल्या गटात येतात. जुना प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम दुसऱ्यात.

एएमडीच्या एएम४ (प्रोसेसरच्या सॉकेटचा एक प्रकार) मदरबोर्डाचे मालक यात सर्वांत भाग्यवान आहेत. २०१७ साली रायझन ५ १६००सोबत घेतलेल्या बी३५० किंवा त्यानंतरच्या बी४५० मदरबोर्डावर, कंपनीने तसे बायोस दिले असेल तर, रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बसतो. रॅम तीच राहते आणि विंडोज ११चा अडथळाही सुटतो. मदरबोर्डाच्या नेमक्या मॉडेलचे आणि आवृत्तीचे पान उघडून प्रोसेसरची यादी वाचावी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करावे आणि मगच नवा बसवावा. हे अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. आपल्याकडे जुलै महिन्यात, वादळी पावसात, यूपीएसशिवाय ते करणे म्हणजे निव्वळ जुगार आहे; बॅटरी भरलेला यूपीएस जोडूनच, आणि आभाळ स्वच्छ असेल अशा दिवशी, ते उरकावे.

इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीला ही सोय नाही. त्या मदरबोर्डावर जास्तीत जास्त आय७-७७०० बसतो. तो आज जुन्या बाजारातच मिळतो, चार कोरांचाच असतो आणि त्यालाही विंडोज ११ नाकारते. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटात बसताना दिसला तरी जुन्या बोर्डावर चालत नाही. इथे मदरबोर्ड आणि प्रोसेसर एकत्रच बदलावे लागतात. पण रॅम डीडीआर४ असेल तर ती वाचवता येते, कारण इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एच६१० आणि बी७६०चे डीडीआर४ बोर्डही निघाले आहेत. बोर्डाच्या नावात डीडीआर४ आहे की डीडीआर५, ते खोक्यावर वाचून घ्यावे, कारण एकाच नावाच्या बोर्डाचे दोन्ही प्रकार दुकानात शेजारी शेजारी असतात. आय५-१२४००एफ आणि जुनीच सोळा जीबी रॅम, जुनीच एसएसडी, जुनेच कार्ड, एवढ्यावर काही काळ भागवून कार्ड नंतर घेता येते. चौथ्या पिढीचा आणि डीडीआर३चा संगणक असेल तर मात्र त्यात केवळ एसएसडी घालून तो अभ्यासाला ठेवावा आणि गेमसाठी नव्याने सुरुवात करावी.

फक्त ग्राफिक्स कार्ड बदलायचे ठरले तर तीन मापे घ्यावीत : कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती सेंटिमीटर जागा आहे, एसएमपीएसवर आठ पिनांची जोडणी आहे का, आणि मदरबोर्डाचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कितव्या पिढीचा आहे. आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचे आणि आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर थोड्याफार घटीसह चालते, पण आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटच्या चारच मार्गिका वापरत असल्यामुळे जुन्या बोर्डावर त्याची फार कुचंबणा होते आणि स्वस्त दिसले तरी ते टाळावे. कंपनीच्या तयार ऑफिस संगणकात कार्ड घालण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांचा एसएमपीएस आणि त्याच्या पिना बहुधा त्या कंपनीच्याच मापाच्या असतात, त्यामुळे नंतर काहीच बदलता येत नाही.

खरेदी करताना

बेळगावात न मिळालेली वस्तू लोक कोल्हापुरातून किंवा हुबळीतून आणतात, ऑनलाइनही मागवतात. त्यात वावगे काही नाही. मात्र पक्के जीएसटी बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच, कारण वॉरंटीच्या वेळी कंपनी तो नंबर पाहते. बिलाशिवाय पाच-सातशे रुपये वाचवून पुढे वॉरंटी मागायला कोल्हापूरच्या दुकानात खेटे घालणे परवडत नाही. जुने कार्ड घेत असाल तर ते विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निदान अर्धा तास जड गेममध्ये चालवून पाहावे, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी येतात का ते बघावे आणि पंखे हाताने फिरवून खरखर ऐकावी. आरएक्स ५८० सारखी क्रिप्टो खाणकामात राबलेली कार्डे जुन्या बाजारात पुष्कळ फिरतात. त्यांची चिप बहुधा शाबूत असते, पण पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात आणि तो खर्च किमतीत धरावा लागतो.

नवे काहीही बसवल्यावर तोच गेम, त्याच सेटिंगवर, त्याच प्लगवर आणि पूर्वी बिघाड होत असे त्याच वेळी चालवून तापमान आणि व्होल्टेज पुन्हा नोंदवावे. दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी, शक्यतो पहिल्याच आठवड्यात, हे करावे आणि तोपर्यंत खोकी व पावत्या टाकून देऊ नयेत.